पाहुण्याचं कार्ड

रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरून तिनं कार्डावरचा फोन नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागल्यावर तिनं पाठ सरळ केली.

"नमस्कार. मी डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलते आहे. आत्ता बोलू शकाल का?"

"एक मिनिट." दार लागल्याचा आवाज आला, मग पावलं. "हां, बोला. जिन्यात आलोय."

"डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वी गेले. तुमची शस्त्रक्रिया राहिली होती. तुमचे कागद इथं आहेत, ते तुम्ही स्वतः येऊन न्यावेत. नको असतील तर आम्ही फाडून टाकू. दुसऱ्या सर्जनसाठी चिठ्ठी तयार करून ठेवली आहे."



"गेले?" तो माणूस म्हणाला. "अहो, मला म्हणाले होते, शर्टाचं बटण लावायला याहून जास्त वेळ लागतो. आणि मी शहाणा दीड वर्ष बटण हातात धरून बसलो." तो नाक ओढत हसला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी इथलं काम बघते," ती म्हणाली आणि कार्डाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

डॉक्टरांची मुलगी म्हटलं की माणसं गप्प होतात, लाजतात आणि फोन ठेवून देतात, हे सकाळच्या पहिल्या दोन फोनांतच तिच्या लक्षात आलं होतं. कार्डं तशी तीसच होती, सगळी पिवळी. बाबांनी ती वेगळ्या खोक्यात ठेवली होती आणि झाकणावर लिहून ठेवलं होतं: मी नसल्यास ज्याचं त्याला द्यावं. लाजेच्या दुखण्याला नाव लावू नये, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे कार्डावर नाव नसे. वरती फोन नंबर आणि त्याखाली बाबांना माणूस आठवावा म्हणून त्यांनीच ठेवलेलं टोपणनाव. 'दोन चष्मे'. 'शिट्टी'. 'मांजर पाळतो'. जिन्यातल्या माणसाचं नाव होतं 'घाईत'.

"दीड वर्ष थांबला, आणि म्हणे घाईत," कंपाउंडरकाका कपाट पुसता पुसता म्हणाले. बत्तीस वर्षं ते या दवाखान्यात होते आणि कपाटं रिकामी झाली तरी पुसत होते. "ताई, तो शिट्टीवाला आठवतो मला. बाकावर बसून सारखी शिट्टी. आत गेला की शिट्टी बंद. बाहेर आला की परत सुरू. मी म्हणायचो, चला, गडी वाचला."

ती हसली. बाबा गेल्यापासून या खोलीतच तिला थोडं हसू येत होतं.

खोक्यातली निम्मी कार्डं एकाच तक्रारीची होती. तिला ती तक्रार चांगली ठाऊक होती, कारण त्यावरचं माहितीपत्रक तिनंच तपासलं होतं. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. सहा वर्षांपूर्वी बाबांनी जेवणाच्या टेबलावर कच्चा मजकूर तिच्यापुढे सरकवला तेव्हा त्यात 'अग्रत्वचाबंध' असा शब्द होता. "बाबा, हा शब्द वाचूनच माणूस पळेल," ती म्हणाली होती. मग दोघांनी मिळून साधं लिहिलं. शिश्नाच्या खालच्या बाजूला टोक आणि कातडी यांना जोडणारी एक बारीक दोरी असते. काहींची ती जन्मतःच आखूड असते. संबंधाच्या वेळी ती ताणली जाते, दुखते, कधी फाटून रक्त येतं. माणूस घाबरतो आणि जवळ जायचं टाळू लागतो. यावर उपाय आहे. शेवटचं वाक्य तिनं घातलं होतं: पत्नीशी मोकळेपणानं बोला, तिला कारण कळलं नाही तर ती स्वतःला दोष देईल. बाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं होतं आणि ठेवलं होतं.

प्रत्येक कार्डावर बाबा पेन्सिलीनं चार लहान आकृत्या काढत. पहिली, चाकूशिवाय: मलम आणि हलक्या हातानं ताण द्यायचा. दुसरी: दोरीला आडवा छेद देऊन टाके उभे घालायचे, म्हणजे आखूड असते ती लांब होते. तिसरी: दोरीच काढून टाकायची. चौथी: कातडीही घट्ट असेल तर सुंता. रुग्णानं जे ठरवलं त्याभोवती गोल. न ठरवलेल्यांच्या कार्डावर गोल नसे, नुसत्या तारखा असत.

पुढचं कार्ड 'पाहुणा'. तिनं नंबर लावायला घेतला. पहिले सहा आकडे बघून दाबले. शेवटचे चार तिच्या बोटांनी कार्डाकडे न बघताच दाबले.

घंटा वाजायच्या आत तिनं फोन ठेवला.

काका आतल्या खोलीत गेले होते. तिथून बाटल्यांचा आवाज येत होता. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, हाताच्या पंजानं नंबर झाकला आणि मग पंजा उचलला. नंबर तोच होता. गेली नऊ वर्षं प्रत्येक फॉर्मवर, 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या ओळीपुढे, तिनं लिहिलेला.

कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं होतं. पहिली तारीख पाच वर्षांपूर्वीची. 'पत्रक घरी वाचलं, म्हणून आला. लग्नापासून त्रास. दोनदा फाटलं. मी करू नये, दुसऱ्याकडे जावं, असं सांगितलं. तुमच्याशिवाय कुणाला दाखवणार नाही म्हणतो. पर्याय समजावले. विचार करतो म्हणाला. पत्नीला सांगू नये अशी अट.' त्याखाली वेगळ्या पेनानं: 'मान्य केली.'

तिनं तारीख पुन्हा वाचली. त्यानंतरच्या रविवारी ती बाबांकडे गेली होती. बाबा संत्रं सोलत होते आणि तिनं एकदम विचारलं होतं, बाबा, माणसाला बायको नकोशी का होते? बाबांनी अख्खं संत्रं सोललं, शिरा काढल्या, एकेक फोड वेगळी केली आणि बशी तिच्यापुढे ठेवली. "नकोशी झाली असं कशावरून?" ते म्हणाले. "थोडं थांब, बाळा." ती थांबली होती. केस वाढवले, वजन उतरवलं, पलंगाची जागा बदलली. आपण पुढाकार घेतो ते त्याला आवडत नसेल म्हणून तो घेणं सोडून दिलं. पुढे पुढे आपल्या अंगाला वास येतो का, असंही तिला वाटू लागलं, आणि ती दिवसातून दोनदा अंघोळ करू लागली.

मधल्या नोंदी छोट्या होत्या. 'मलम दिलं.' 'आला नाही.' 'आला, बसला, गेला.' मग एक तारीख जिच्यासाठी तिला कार्डाची गरज नव्हती. मूल का होत नाही म्हणून दुर्बिणीनं तिची तपासणी झाली तो दिवस. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, संबंध नियमित आहेत ना? ती 'हो' म्हणाली होती. नवरा शेजारच्या खुर्चीत होता आणि भिंतीवरचा तक्ता वाचत होता. त्याला खाली बघायला लागू नये म्हणून ती खोटं बोलली होती. बाबांनी मात्र त्या तपासणीला चक्क विरोध केला होता. पोटाला भोक पाडायचं ते गरज असेल तरच, घाई करू नकोस, म्हणाले होते. कारण सांगेनात. शेवटी ती ओरडली होती, "तुम्ही सर्जन म्हणून बोलताय की बाबा म्हणून?" बाबांनी चष्मा काढून पुसला होता.

कार्डावर लिहिलं होतं: 'रुग्णाला फोन केला. आज तरी सांगा म्हटलं. नाही म्हणाला. सांगितलंत तर उपचारालाच येणार नाही म्हणाला. मी बांधील.'

रुग्ण. तिनं तो शब्द बोटानं दाबून धरला. पोटावरच्या त्या दोन बारीक खुणा अजून होत्या.

शेवटची नोंद बाबांच्या आजारपणाच्या आधीची होती. दुसऱ्या आकृतीभोवती गोल होता. 'रुग्ण तयार. तारीख ठरली. पत्नीला न कळता व्हावं अशी इच्छा. मी म्हटलं, नंतर महिना-दीड महिना दूर राहावं लागेल, घरी काय सांगणार? म्हणाला, तिला फरक कळणार नाही.'

ती खिडकीपाशी गेली, परत आली. मग रिसीव्हर उचलून तिनं नंबर लावला, या वेळी कार्डाकडे बघत, एकेक आकडा.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"हां काका, बोला," नवरा हलक्या आवाजात म्हणाला. मागं छपाईयंत्रासारखं काहीतरी खडखडत होतं, त्याच्या ऑफिसातलं. "सापडलं का ते? ती आज सगळ्यांना फोन लावत बसलीय. तिच्या हाती लागायला नको, तेवढं बघा. बाबा होते तोवर काळजी नव्हती."

"नमस्कार," ती म्हणाली. "मी डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलते आहे."

खडखड तेवढी ऐकू येत राहिली.

"डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वी गेले. तुमची शस्त्रक्रिया राहिली होती. तुमचे कागद इथं आहेत, ते तुम्ही स्वतः येऊन न्यावेत." इथं तिचा श्वास संपला. तिनं तो पुन्हा घेतला. "दवाखाना पाचपर्यंत उघडा आहे."

"अगं..."

तिनं फोन ठेवला.

काका दोन कप चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. ते तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या कार्डाकडे बघत होते. मग त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशातून पिवळा कोपरा डोकावत होता.

"काका, खिशात काय आहे?"

"काही नाही. किराण्याची यादी."

"पिवळी?"

काकांनी कप खाली ठेवले आणि कार्ड काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं 'चौकटी'. वय चोपन्न.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"जावईबापू ना?" काका गोंधळले. "पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांच्या अंगात चौकटीचा शर्ट होता. पक्का आठवतो मला. म्हणून मी..."

"चोपन्न वर्षांचे कुणीतरी गृहस्थ आहेत हे. यांना फोन करायचा राहिला असता." तिनं ते कार्ड खोक्यात ठेवलं. "तुमच्या जावईबापूंच्या कार्डावर बाबांनी 'पाहुणा' लिहिलंय."

"पाहुणा होय," काका पुटपुटले आणि रुग्णांच्या बाकावर बसले. "आता बघा. बत्तीस वर्षांत एक चोरी केली, तीही भलत्याच्याच घरी."

एरवी ती हसली असती. काकांनाही ते कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं."

"दार उघडणारा मी, ताई. आत कोण गेलं ते दिसतंच. काय बोलले ते नाही ठाऊक."

"पाच वर्षं तुम्ही मला चहा देत होता. शनिवारी मी आले की विचारायचात, जावईबापू कसे आहेत."

"विचारायचो," काका म्हणाले. "न विचारून कसं चाललं असतं?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमचं ते दुर्बिणीचं झालं ना, त्या दिवशी डॉक्टरांनी सकाळची दोन्ही ऑपरेशनं पुढं ढकलली. हात नीट चालायचा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग सांगून टाका की पोरीला. मला म्हणाले, उद्या तू कुणाकडे जाशील मग, तुझं काही दुखलं तर?"

शोकसभेत तिनंच उभं राहून सांगितलं होतं की माझ्या बाबांच्या पोटात गेलेलं कधी ओठांवर आलं नाही. लोकांनी डोळे टिपले होते. काकांनीही टिपले होते. नवरा पुढच्या रांगेत तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता.

चहा तसाच राहिला. तिनं आणखी तीन फोन केले. एकानं रडवेल्या आवाजात आभार मानले. एक म्हणाला, राँग नंबर, आणि दोन मिनिटांनी त्यानंच उलट फोन करून पत्ता विचारला. 'चौकटी' यांना डॉक्टर गेल्याचं आधीच कळलं होतं. कार्ड फाडून टाका, आता या वयात कशाला, म्हणाले. तिनं कार्डाचे चार तुकडे केले.

पाचला वीस मिनिटं कमी असताना नवरा आला. काकांनी त्याच्यासाठी दार उघडलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

एवढे दिवस ती बाजूच्या स्टुलावर बसून काम करत होती. आता ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. त्याला टेबलासमोरच्या, रुग्णाच्या खुर्चीत बसावं लागलं. ती खुर्ची त्याला नवीन नव्हती. त्यानं नेमका उजवा हात कडेच्या पट्टीवर ठेवला, जिथला रंग उडाला होता.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"सगळं झाल्यावर. बरं वाटल्यावर. मग सांगायची वेगळी गरजच पडली नसती."

"म्हणजे सांगणार नव्हतास."

त्यानं कपाळ चोळलं. "लाज वाटायची गं. पुरुषाला काय वाटतं ते तुला नाही कळायचं. आणि तुला काय वाटलं असतं..."

"मला काय वाटत होतं ते तुला माहीत होतं. मी दर वेळी सांगत होते की. तुला विचारलं नव्हतं मी, माझ्यात काही कमी आहे का? तू म्हणालास, झोप आता."

"हो."

"तपासणीच्या दिवशी तू बाहेर बसला होतास."

"हो."

"बाबांचा फोन आला होता."

"तीनदा आला होता," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "त्यांचा दोष नाही गं. मीच त्यांना बांधून घेतलं होतं. त्यांच्यावर राग नको धरूस."

"बाबांचं माझं मी बघेन," ती म्हणाली. कसं बघणार ते तिला माहीत नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत बाबा हसत होते, आणि फोटोशी भांडता येत नाही. तिनं कार्ड उलटं करून त्याच्याकडे सरकवलं आणि शेवटच्या ओळीखाली नख ठेवलं. "हे तूच म्हणालास का? की बाबांनी उतरवताना चूक केली? माझं कामच आहे म्हणून विचारते."

त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"मी तसं... गमतीत म्हणालो होतो. बाबा फार गंभीर झाले होते, म्हणून."

"हसले का ते?"

बाहेर काकांनी बाक सरकवल्याचा आवाज आला. ती वाट बघत राहिली. नऊ वर्षांत तिनं त्याच्यासाठी पुष्कळदा वाक्यं पूर्ण केली होती. हे केलं नाही.

"मला फरक कळला असता," शेवटी तीच म्हणाली. "तू जवळ आल्याच्या तारखा मी लिहून ठेवत होते."

तो रडू लागला. आवाज न करता, हातानं तोंड झाकून, ऑफिसात कुणाला दिसू नये म्हणून माणसं रडतात तसा. तिनं टेबलावरची कागदी रुमालांची पेटी त्याच्याकडे सरकवली. ती पेटी तिथं असतेच, सगळ्यांसाठी. मग खणातून लिफाफा काढला आणि कार्ड त्यात घातलं. सर्जनसाठीची चिठ्ठी वर ठेवली, आणि बाबांनी दुपारच्या रुग्णांना सांगावं तशा आवाजात, शब्द न खाता, सांगू लागली.

"यांच्याकडे जा. हात चांगला आहे. तुम्ही दुसरा पर्याय ठरवला आहे, तो योग्य आहे, बाबांनीही तोच सुचवला होता. त्या जागेपुरती भूल देतात. वीस मिनिटं लागतात. टाके आपोआप विरघळतात. दोन दिवस घरी बसा, आठवडाभर जड उचलू नका. नंतरची पथ्यं चिठ्ठीत लिहिली आहेत."

'तुम्ही' ऐकून त्यानं डोळे वर केले. त्यानं लिफाफा घेतला, मधोमध दुमडला, पुन्हा सरळ केला.

"पुढच्या आठवड्यात घेतो तारीख," तो म्हणाला. "तुला रजा कधी मिळेल?"

तिनं खोक्याचं झाकण लावलं.

"सोबत एक माणूस लागतं," ती म्हणाली. "नात्यातलंच हवं असं काही नाही."

"म्हणजे?"

तिनं दाराकडे बघितलं. काचेपलीकडे काकांची पाठ दिसत होती, कुणालाही आत न सोडायच्या जुन्या सवयीनं ताठ.

"काका हल्ली मोकळेच असतात."